सही आधी, जेवण नंतर

जयूचं वर्षश्राद्ध आणि माझी चाचणी एकाच दिवशी आली. हा घोळ मीच करून ठेवला होता.

जयू माझी बायको. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर चार-पाच दिवसांत ती गेली. तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. मी तारखांवर चालणारा माणूस. वैमानिकाचं लायसन्स तारखेला संपतं, मेडिकल तारखेला संपतं, तिथीला काही संपत नाही. म्हणून भोपाळच्या परीक्षकांचं पत्र आलं की नोव्हेंबरच्या मध्याला उज्जैनला येऊ शकतो, तेव्हा मी लगेच होकार कळवला. तोपर्यंत श्राद्ध होऊन पंधरा दिवस झालेले असतील, असा माझा हिशेब.

सुलू ही जयूची धाकटी बहीण, आमच्याजवळच फ्रीगंजमध्ये राहते. ती सप्टेंबरअखेर पंचांग घेऊन आली आणि श्राद्धाचा दिवस सांगितला. मी म्हटलं, "त्या दिवशी माझी परीक्षा आहे. आणि श्राद्ध तर ऑक्टोबरात ना?"

"भावजी, यंदा अधिक महिना होता. सगळ्या तिथ्या पुढे गेल्या."

"कधी होता?"

"कधी होता काय! आषाढात. मी अनारसे पाठवले होते तुम्हाला. डबा रिकामा करून परत दिलात आणि महिना विसरलात?"

अनारसे मला आठवत होते. ते कशाचे होते हे विचारायचं सुचलं नव्हतं. आधी हे सगळं जयू बघायची.

"मग तारीख बदला परीक्षेची," सुलू म्हणाली.

तारीख बदलणं जमण्यासारखं नव्हतं. ते का, हे इथे सांगायला हवं.

विमान चालवण्याचा परवाना वेगळा आणि ते दुसऱ्याला शिकवण्याचा वेगळा. पहिला माझ्याकडे चालू होता. दिल्लीला जाऊन मेडिकल करून आलो होतो, अधूनमधून एकट्याने उडून तास भरले होते. दुसऱ्यासाठी मात्र वर्षभरात ठरावीक तास खरोखर शिकवलेलं लागतं. जयूच्या आजारपणात मी रजेवर होतो, आणि ती गेल्यावर मी उजव्या सीटवर बसलोच नव्हतो. शिकवणारा उजव्या सीटवर बसतो, शिकणारा डाव्या. तास भरले नाहीत तर परीक्षकाला डावीकडे बसवून, त्याला विद्यार्थी समजून शिकवून दाखवावं लागतं. त्यालाही मुदत असते आणि माझी मुदत डिसेंबरात संपत होती. ती गेली की नुसत्या चाचणीवर भागणार नाही, कोर्स पहिल्यापासून करा, असं मला सांगण्यात आलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी ते माझ्याकडून झालं नसतं.

आणि परीक्षक मिळत नव्हते. खासगी विमान कंपन्या सुरू झाल्यापासून जो तो तिकडे गेला होता. आमच्या देवास रोडवरच्या धावपट्टीपाशी असलेल्या छोट्या फ्लाइंग क्लबात मुलांची गर्दी वाढली होती, सगळ्यांना एअरलाइनमध्ये जायचं होतं, आणि त्यांना शिकवणारी माणसंच एअरलाइनमध्ये गेली होती. भोपाळचे हे परीक्षक, कॅप्टन माथुर, दोनदा येतो म्हणून आले नव्हते. हा तिसरा वायदा. तो मी मोडला असता तर चौथा मिळाला नसता.

मुलांचं मी सांगतो आहे, पण खरी काळजी मला माझी होती. हे काम गेलं असतं तर सकाळी उठून कुठे जायचं, हे मला ठाऊक नव्हतं. घरात मी एकटा. मुलगी देवश्री इंदूरला हॉस्टेलवर. वर्षभर मी घर, भाजी आणि सुलूचा डबा एवढ्यावर दिवस काढले होते. तसं आणखी एक वर्ष काढायची माझी तयारी नव्हती.

आम्ही तात्या गुरुजींना विचारलं. तात्यांनी पंचांग उघडलंसुद्धा नाही. "श्राद्ध अपराण्हात. दीडच्या आत नको, साडेतीनच्या पुढे नको. सकाळी विमान उडवा नाहीतर क्रिकेट खेळा, माझी हरकत नाही."

"पण कर्त्याला उपास," सुलू म्हणाली.

"असतोच."

"तात्या, मला उपाशी उडता येणार नाही," मी म्हटलं. "आमचे परीक्षक आधी विचारतात काय खाल्लं म्हणून. रिकाम्या पोटी आलेल्याला परत पाठवतात." हे माथुरांबद्दल सगळ्या क्लबांत माहीत होतं. त्यांच्या शेजारी एकदा एका मुलाला हवेत चक्कर आली होती.

"मग दूध घ्या, फळ घ्या. त्याने काही मोडत नाही."

"आमच्याकडे चालत नाही," सुलू म्हणाली.

"तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे? श्राद्ध लघाट्यांचं. तुम्ही तर माहेरच्या."

सुलू उठली आणि चपला घालू लागली. रस्ताभर ती माझ्या दोन पावलं पुढे चालली.

त्या दिवशी ती उजाडायच्या आत स्वयंपाकाला आली. देवश्री आदल्या दिवशीच इंदूरहून आली होती. मी अंघोळ करून बाहेर आलो तेव्हा टेबलावर दुधाचा पेला होता आणि दोन केळी. देवश्रीने ठेवली होती. सुलू पाठ करून वड्याचं पीठ भिजवत होती.

मी उभाच राहिलो. सुलू न वळता म्हणाली, "मी काही बघितलेलं नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि दोनाने काय होणार आहे? तीन खा. ताई स्वतः संकष्टी करायची आणि तुम्हाला पोहे खाल्ल्याशिवाय पट्टीवर जाऊ द्यायची नाही, ते काय मला माहीत नाही?"

"मावशी, तू बघितलेलं नाहीस ना?" देवश्री म्हणाली.

"गप गं. बाबांना स्वेटर दे."

मी तीन केळी खाल्ली आणि स्कूटरवर निघालो. थंडी होती. देवास रोडवर शेतांत धुकं होतं, पण पट्टीवर पोहोचेपर्यंत ते विरलं. कॅप्टन माथुर आधीच आले होते. बुटके, जाड काचांचा चष्मा, साठीच्या आसपासचे. क्लबच्या खोलीत माझे कागद बघून झाल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

"नाश्ता?"

"दूध और तीन केले."

"बस? मराठी आदमी और पोहे नहीं?"

मी सांगितलं की आज श्राद्ध आहे, उपास आहे.

"किसका?"

"मिसेस का. साल पूरा हुआ."

माथुरांनी चष्मा काढला. "लघाटे साब, पहले बताना था. टाल देते हैं."

"टालेंगे तो आप कब आएंगे?"

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. "ठीक है. मगर एक बात. हवा में मुझे ये याद नहीं रहेगा."

"नहीं रहना चाहिए," मी म्हटलं.

आमचं विमान दोन सीटचं सेस्ना. मी उजवीकडे बसलो, माथुर डावीकडे. दार लावलं आणि कॅप्टन माथुर संपले. त्यांच्या जागी एक मठ्ठ मुलगा येऊन बसला. अशा चाचणीची ही पद्धतच आहे. परीक्षक विद्यार्थ्याचं सोंग घेतो, मुद्दाम चुका करतो, आणि आपण त्या ओळखून सुधारायच्या. माथुर सोंग उत्तम करत.

"सर, ये लाल वाला क्या है? सर, हेडफोन कान में चुभता है. सर, पहले दिन ही लैंडिंग सिखाओगे ना?"

मला हसू आलं. असे दहा तरी मी शिकवले होते.

धावपट्टीवर विमान वेग घेताना नाक डावीकडे जाऊ लागतं. उजव्या पायाने ते सरळ ठेवायचं असतं. माथुरांनी पाय सैल सोडला. नाक डावीकडे निघालं. मी "उजवा पाय" म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधीच माझा पाय पडला होता. विमान सरळ झालं, आम्ही वर गेलो.

"सर, पैर किसका चला?" मुलगा म्हणाला. दोन्हीकडचे पेडल जोडलेले असतात. एकाने दाबलं की दुसऱ्याला कळतं.

"मेरा," मी म्हटलं. "अगली बार तुम करना."

वर गेल्यावर मी त्यांना वळण शिकवायला घेतलं. आधी मी करून दाखवलं, बोलत बोलत. ते बरं जमलं. मग त्यांना करायला सांगितलं. त्यांनी वळताना नाक खाली सोडलं, वेग वाढू लागला. विद्यार्थ्याला ते दिसेपर्यंत थांबायचं असतं. मी थांबलो नाही. हात आपोआप गेला, नाक वर आलं, आणि मग मी त्यांना काय चुकलं ते सांगत बसलो.

पुढच्या वळणाला तेच झालं. माझा हात गेल्यावर मला कळलं की तो गेला.

माथुरांनी सोंग सोडलं. साध्या आवाजात म्हणाले, "लघाटे साब, जहाज़ आपको आता है. मुझे मालूम है. मुझे कब आएगा?"

मी कंट्रोलवरून हात काढला.

"पहले आप ऐसे नहीं थे. आपके सिखाए हुए लड़के मैंने चेक किए हैं. आराम से उड़ाते हैं, क्योंकि आप उनको ग़लती करने देते थे."

ते बरोबर होतं. मी पूर्वी असा नव्हतो. आणि हे कुठून आलं, ते मला तिथे त्या सीटवर बसल्या बसल्या लक्षात आलं. आजारपणात जयूचा हात थरथरायचा. पेला कलंडायच्या आत मी धरायचो. ती उठू लागली की मी काखेत हात घालायचो. गोळीचं पाकीट तिने घेतलं की मी फोडून द्यायचो. एकदा ती म्हणालीही होती, "अहो, सांडू दे की. पाणीच आहे." पण ते दिवसच तसे होते. सांडू देण्याइतका जीव घट्ट नव्हता. त्या काळात माझे हात तेच शिकले होते, दुसऱ्याचं काही कलंडू लागलं की पकडायचं. कुणी हे करू नको म्हणालं नव्हतं, कारण घरात ते बरोबरच होतं. विमानात चूक होतं.

"अब सर्किट करेंगे," माथुर म्हणाले. सर्किट म्हणजे पट्टीभोवती चक्कर मारून उतरायचं आणि पुन्हा उडायचं. "लैंडिंग मैं करूँगा, आप सिखाएंगे. ख़तरा हो तो बेशक ले लीजिए, वो आपका काम है. ख़तरा न हो और हाथ लगाया, तो वापस चलेंगे. फिर जो देखा है वही लिखूँगा."

त्यांनी जे पाहिलं होतं ते लिहिलं असतं तर मी नापास होतो.

मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. पहिल्या चकरीत परत तो मठ्ठ मुलगा आला. "सर, पट्टी किधर गई? सर, वो गाय है क्या नीचे?" उतरताना त्याने विमान फार खाली आणलं. माझी बोटं गुडघ्यात रुतली. मी म्हटलं, "पट्टी का किनारा देखो. ऊपर जा रहा है कि नीचे?" "ऊपर, सर." "मतलब?" "मतलब हम पट्टी तक नहीं पहुँचेंगे." "तो क्या करोगे?" त्याने थ्रॉटल पुढे करून इंजिनाचा जोर वाढवला. आम्ही उतरलो. जरा आपटलो, पण उतरलो. मी हात हलवला नव्हता.

दुसऱ्या चकरीत तो वेडावाकडा वळला, भरकटला, तोंडाची टकळी चालूच. मी एकेक गोष्ट सांगत गेलो. एका वेळी एकच. पूर्वी मी असंच करायचो. हळूहळू माझा आवाज मला ओळखीचा वाटू लागला.

तिसरी चक्कर शेवटची. वारा थोडा फिरला होता म्हणून आम्ही पट्टीच्या दुसऱ्या टोकाने आलो, सूर्याकडे तोंड करून. अर्ध्यापर्यंत टकळी चालू होती. "सर, इसके बाद समोसा मिलेगा?" आणि मग ती बंद झाली.

माथुर एकदम गप्प झाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे बारीक केले होते, मान पुढे. मी पट्टीकडे पाहिलं. आम्ही अजून बरेच वर होतो आणि त्यांनी नाक उचलायला सुरुवात केली होती, जणू जमीन आलीच. वेग उतरू लागला.

शिकवणाऱ्याला एक गोष्ट कळते. सोंग घेणारा चूक करताना बोलतो. खरोखर हरवलेला माणूस गप्प होतो. माथुरांना उन्हात जमीन दिसत नव्हती. हे सोंग नव्हतं.

आता मी विमान हातात घेतलं असतं तर ते नियमात बसत होतं. माझा उजवा हात गुडघ्यावरून उठला आणि कंट्रोलच्या अगदी जवळ थांबला. मी वेग पाहिला, उंची पाहिली, पुढे उरलेली पट्टी पाहिली. तिन्ही पुरेशी होती. एका वाक्याचा वेळ होता. ते वाक्य पुरलं नाही तर हात होताच.

"नाक तिथेच ठेवा," मी म्हटलं. घाईत मराठीत निघालं. "थोडी पॉवर. बस. समोर उन्हात नका बघू, डाव्या बाजूने पट्टीची कड बघा. दिसली?"

"दिखी."

"आने दो. आने दो. अब धीरे से पीछे. और पीछे. छोड़ना मत."

चाकं टेकली. एकदा उसळलो, परत टेकलो, आणि विमान धावू लागलं. माथुरांनी ब्रेक लावला. विमान शेडपाशी आणून इंजिन बंद केलं तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती, स्वेटरच्या आत.

खोलीत आल्यावर माथुर पाणी प्यायले आणि खुर्चीत बसले. मी उभा होतो.

"कब बैठना है पूजा में?"

"डेढ़ बजे."

"टाइम है." त्यांनी पेन काढलं. "पहली तीन ग़लतियाँ लिखूँगा. हाथ जल्दी चलता है. बाद में सुधार लिया, वो भी लिखूँगा." ते लिहीत राहिले. मग खाली सही केली आणि कागद माझ्याकडे वळवला. शिकवण्याचा परवाना चालू ठेवण्याची शिफारस केली होती.

मी तो वाचला. परत वाचला. मग मी बसलो.

"दिल्ली से मोहर लगके आने में महीना लगेगा," माथुर म्हणाले. "तब तक ऊपर नहीं ले जाना किसी को. ज़मीन पे पढ़ाओ."

मी म्हटलं, "सर, घर चलिए. आपकी गाड़ी शाम की है, यहाँ खाने को कुछ नहीं मिलेगा. श्राद्ध का खाना है, खीर-वड़े."

"इसीलिए तो दस्तख़त पहले किया," ते म्हणाले. "बाद में करता तो लोग कहते लघाटे वड़े खिलाके पास हुआ."

सव्वा बाराला आम्ही घरी पोहोचलो. सुलू दारातच होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "देवू, झालं गं बाबांचं." आतून देवश्री हाताला पीठ लागलेलं, तशीच धावत आली. माथुरांना बघून थबकली, मग तिने त्यांना नमस्कार केला आणि मला मिठी मारली. स्वेटरवर पिठाचे पंजे उठले.

"सोवळं!" सुलू ओरडली. "अंघोळ करा परत. दोघंही."

तात्या एकला आले. दीडला बसलो. जयूचं नाव, गोत्र, सगळं नीट झालं. डोळ्यांत पाणी आलं, पण गेले काही महिने यायचं तसं नाही. पिंड ठेवताना हात स्थिर होते. अडीचच्या सुमारास पानं मांडली. आधी तात्या आणि दुसरे एक गुरुजी जेवले, मग माथुर आणि मी.

माथुर पहिला वडा खाऊन म्हणाले, "वाह, बहुत..." आणि थांबले. "हमारे यहाँ श्राद्ध के खाने की तारीफ़ नहीं करते. आपके यहाँ?"

"आमच्याकडेही नाही," सुलू म्हणाली, आणि त्यांच्या पानात आणखी दोन वाढले.

जरा वेळाने देवश्री खीर आणायला आत गेली, तेव्हा माथुर माझ्या बाजूला झुकले. "वो आख़िरी वाली लैंडिंग. मैंने जान के नहीं बिगाड़ी थी."

"मालूम है."

"कैसे?"

"आपने समोसे के बाद कुछ बोला नहीं."

त्यांनी वड्याचा तुकडा मोडला. "धूप सीधी आँख में थी. फिर भी आपने लिया नहीं."

"ज़रूरत नहीं पड़ी. हाथ तैयार था."

"हाँ," ते म्हणाले. "देखा था मैंने." आणि हलक्या आवाजात, "मोतियाबिंद है शायद. भोपाल जाके दिखाऊँगा. मेडिकल तो मेरा भी होता है."

पाचच्या गाडीसाठी मी त्यांना स्कूटरवर स्टेशनला सोडलं. परत येताना फ्रीगंजच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून क्लबला फोन लावला. मॅनेजरने उचलला.

"कप्तान साब, क्या हुआ?"

"हो गया. कल सुबह लड़कों को बुला लो."

"उड़ना है?"

"नहीं, ब्लैकबोर्ड पे. उड़ेंगे अगले महीने."

"कौन सा चैप्टर बोलूँ?"

"लैंडिंग," मी म्हटलं.

घरी आलो तर सुलू उरलेले वडे डब्यात भरत होती. "हे उद्या पट्टीवर न्या," ती म्हणाली, "आणि निघण्याआधी नीट नाश्ता करून जा."